गोळीत फोलेट आलं, बी-१२ राहिलं

१९२८ साली डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या. गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचं कारण शोधायचं होतं. आधी प्राण्यांवर प्रयोग, मग रुग्णांवर. आणि १९३१ मध्ये त्यांनी छापलं की यीस्टपासून केलेल्या मार्माइटने या बायकांचं रक्त सुधारतं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. इथपर्यंतची गोष्ट पुस्तकात असते.

पण आईचं रक्त सुधारलं म्हणजे दूधही सुधारलं, असं नाही. आईला फोलेट कमी पडलं तरी दुधातली त्याची पातळी बरीचशी टिकते. बी-१२ चं तसं नाही. आईकडे नसेल तर बाळालाही मिळत नाही. १९६२ मध्ये वेल्लोरच्या जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशीच बाळं नोंदवली: अंगावर पिणारी, पण फिकट, सुस्त, शिकलेलं विसरत चाललेली. आयांच्या दुधातच बी-१२ कमी होतं. ते दिल्यावर बाळं सुधारली.

मग १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त जणींत बी-१२ कमी निघालं. आमच्या महागावकडचं रोजचं जेवण घ्या, ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण. दोन्हींत बी-१२ नाहीच. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. विल्सबाईंचा शोध गोळीत पोचला, वेल्लोरचा नाही.

आता बाळाला बी-१२ लागतं किती? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९८ मध्ये दिलेला आकडा आहे रोज ०.४ मायक्रोग्रॅम. तो आला कुठून बघा: ब्राझीलमधल्या फक्त नऊ आयांच्या दुधातून! लिटरला ०.४२, गुणिले रोजचं ०.७८ लिटर, म्हणजे ०.३३, तेच वर नेऊन ०.४. शिवाय दुधातलं हॅप्टोकॉरिन नावाचं प्रथिन बी-१२ ला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे जुन्या पद्धतींचे आकडे चुकू शकतात. थिसिसमध्ये जुना पेपर वापरताना आधी पद्धतीचा भाग वाचा, तक्ता नंतर.

ही पोकळी भरायला लिंडसे अॅलन यांच्या गटाने बांगलादेश, ब्राझील, डेन्मार्क आणि गाम्बिया इथल्या आयांचं दूध नव्याने तपासलं. भारत त्या चारांत नाही.