हायस्कूलसमोरचा रस्ता: मुलांनी काय शिकायचं, मोठ्यांनी काय करायचं

दोन पाळ्यांत चालणाऱ्या उर्दू हायस्कूलचं गेट दुपारी साडेबाराच्या सुमाराला बघा. सकाळची पाळी बाहेर पडतेय, दुपारची आत शिरतेय. शेकडो मुलं एकाच वेळी रस्त्यावर. त्यांना घ्यायला आलेल्या मोटारसायकली, रिक्षा, व्हॅन, कुल्फीची गाडी आणि या सगळ्यातून हॉर्न वाजवत वाट काढणारी नेहमीची वाहतूक. भिवंडी असो, मालेगाव असो की सोलापूर, चित्र फारसं वेगळं नाही. ही पंधरा-वीस मिनिटं शाळेच्या दिवसातली सगळ्यात धोक्याची.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती, म्हणजे दर पाचांत जवळजवळ एक. शाळेसमोर असं काही घडलं की "पोरगं एकदम पळत सुटलं" असं म्हणून विषय मिटवला जातो. आम्हाला हे पटत नाही. मूल पळणारच, हे धरूनच गेटसमोरचा रस्ता, सुटीची वेळ आणि मोठ्यांचं वागणं ठरायला हवं.

हायस्कूलचाच प्रश्न वेगळा का

प्राथमिक शाळेत असेपर्यंत अम्मी, दादी किंवा मोठी बहीण हात धरून सोडायला येते. पाचवीला किंवा आठवीला हायस्कूलमध्ये नाव घातलं की तो हात सुटतो. त्यात हायस्कूल बहुधा मोहल्ल्याच्या बाहेर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. म्हणजे ज्या वर्षी रस्ता मोठा होतो, त्याच वर्षी सोबत संपते.

साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीचं अंतर आणि तिचा वेग यांचा मेळ नीट घालता येत नाही. गाडी लांब दिसली की ती लांबच आहे असं त्यांना वाटतं. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी 1960च्या दशकातच लहान मुलांच्या रस्त्यावरच्या वागण्याचा अभ्यास करून सांगितलं होतं की केवळ शिकवून मूल वाहतुकीला जुळवून घेईल ही अपेक्षा चुकीची आहे, वाहतुकीलाच मुलांशी जुळवून घ्यावं लागेल. आठवी-नववीच्या मुलाला अंतर कळतं, पण चार दोस्त सोबत असले की पुढचा ओलांडतो म्हणून मागचेही त्याच्यामागे निघतात. रस्त्याकडे फक्त पहिल्यानं बघितलेलं असतं. कधी कधी त्यानंही नाही.

थोडं गणित

दोन पदरी रस्ता साधारण सात मीटर रुंद असतो. नेहमीच्या चालीनं माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो, म्हणजे रस्ता ओलांडायला सहा सेकंद. ताशी 40 किलोमीटरनं येणारी गाडी तेवढ्यात 65 मीटरच्या पुढे आलेली असते. थोडक्यात, गाडी रस्त्यावरच्या दिव्याच्या दोन-तीन खांबांएवढी दूर असली तरी ती जवळच समजायची.

आता चालकाच्या बाजूनं. मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी 30 च्या वेगानं असलेली कार कोरड्या रस्त्यावर 13-14 मीटरमध्ये थांबते. तीच 50 च्या वेगानं असेल तर 28 मीटर लागतात. पावसात आणि भरलेल्या ट्रकला याहून बरंच जास्त. आणि 30 च्या वेगाची धडक बसलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो, 50 ला ती खात्री उरत नाही. शाळेसमोर वेग कमी करा हा आग्रह म्हणूनच आहे. हॉर्न वाजवला की आपली जबाबदारी संपली असं पुष्कळ चालकांना वाटतं. खरं तर शाळेभोवतीचं 100 मीटर हे शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतं, तिथे हॉर्न नव्हे, ब्रेक वापरायचा.

मुलांना काय शिकवायचं

"सांभाळून जा" एवढ्यानं भागत नाही. शाळा सुरू होण्याआधी एकदा तरी शाळेच्याच वेळेला मुलासोबत घरापासून गेटपर्यंत पायी चला. रविवारी रिकाम्या रस्त्यावर चालून काही कळत नाही. कुठून ओलांडायचं ती जागा ठरवा. ती जवळची नसली तरी चालेल, तिथून दोन्हीकडचं लांबवर दिसलं पाहिजे. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून आधी उजवीकडे, मग डावीकडे, परत उजवीकडे बघायचं. मधे दुभाजक असेल तर अर्धा रस्ता ओलांडून थांबायचं, पण तिथेही दोन्हीकडे बघायचं, कारण उलट दिशेनं येणारे दुचाकीवाले आपल्या शहरांत कमी नाहीत. फूटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालावं.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे उभ्या गाड्यांमधली फट. दोन रिक्षांच्या मधून निघालेलं मूल चालकाला शेवटच्या क्षणी दिसतं. एसटी किंवा स्कूल बसमधून उतरल्यावर तिच्या पुढून कधीच जायचं नाही, ती निघून जाऊ द्यायची. एक गाडी थांबून "जा" म्हणाली तरी तिच्या बाजूनं दुसरी सुसाट येत असते, म्हणून थांबलेल्या गाडीच्या कडेला येऊन पुन्हा डोकावायचं. कानात इअरफोन नको. हल्ली बॅटरीवरच्या रिक्षा आणि स्कूटर आवाजच करत नाहीत, त्यामुळे कानांवर पूर्ण भरवसाही नको.

दुपारची पाळी हिवाळ्यात सुटते तेव्हा अंधारून आलेलं असतं. काळा बुरखा किंवा गडद स्वेटर घातलेली मुलगी अशा वेळी चालकाला उशिरा दिसते. दप्तराच्या मागे आणि पट्ट्यांवर चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी शिवून घ्या, खर्च फार नाही. नकाब असेल तर बाजूचं कमी दिसतं, म्हणून नुसती नजर न फिरवता मान पूर्ण वळवायची सवय लावा. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास सगळ्यांनाच घाई असते. त्या वेळेला ट्यूशन सुटत असेल तर वेळ बदलून घ्यावी.

गेटसमोरची गर्दी आपणच करतो

हे पालकांना कडू लागेल. गेटसमोर जी कोंडी होते तिच्यात शाळेत घ्यायला-सोडायला आलेल्यांच्या गाड्यांचा वाटा मोठा असतो. प्रत्येकाला आपली मोटारसायकल अगदी गेटला टेकवायची असते. आपलं मूल दहा पावलं कमी चालतं आणि दुसऱ्यांची मुलं रस्त्याच्या मधोमध ढकलली जातात. नियमांप्रमाणे फूटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर आणि शाळेच्या प्रवेशद्वारापाशी वाहन उभं करता येत नाही. गेटपासून पन्नास-शंभर मीटरवर एखादी मोकळी जागा ठरवून सगळ्यांनी तिथेच थांबावं. दुकानाचं सामान फूटपाथवर मांडणारे आपलेच शेजारी असतात, त्यांच्याशीही बोलावं लागेल. रस्त्यातली अडचण दूर करणं हा ईमानचा भाग आहे हे आपण मुलांना शिकवतो, ते बघत असतात.

शाळेलाही पैसा न लावता बरंच करता येतं. दोन पाळ्यांमध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर ठेवता येतं. वर्ग एकदम न सोडता टप्प्याटप्प्यानं सोडता येतात. गल्लीकडचं बंद ठेवलेलं गेट उघडता येतं. जुम्याच्या दिवशी लवकर सुटी होते आणि त्याच वेळेला मशिदीकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढते, त्या दिवसाची वेळ वेगळी बसवावी लागते.

नववी-दहावीच्या मुलाच्या हातात बाइक देणाऱ्या वडिलांनी 2019 च्या दुरुस्तीनंतरचा मोटार वाहन कायदा माहीत करून घ्यावा. कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही.

अर्ज कुणाकडे आणि कसा

आधी रस्ता कुणाचा ते शोधा, कारण चुकीच्या दारात दिलेला अर्ज फिरतच राहतो. शहरातला बहुतेक रस्ता नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा. राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. खेड्यातला पुष्कळदा जिल्हा परिषदेचा. कोकणात मुंबई-गोवा हायवेलगत शाळा असेल तर राष्ट्रीय महामार्गाचं काम बघणारं कार्यालय. कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अर्जात नुसतं "मुलांना धोका आहे" लिहू नका. मुलांची संख्या, पाळ्यांच्या वेळा, रस्त्याची रुंदी, पुसलेल्या पट्ट्यांचे तारखेसह फोटो द्या. नववीच्या मुलांना सुरक्षित जागी, शाळेच्या कंपाउंडच्या आत उभं करून पंधरा मिनिटांत किती वाहनं जातात ते मोजायला लावा. त्यांचा संख्याशास्त्राचा धडाही होतो आणि अर्जाला वजनही येतं. मागणी नेमकी ठेवा: झेब्रा क्रॉसिंग, त्याच्या आधी थांबरेषा, पुढे शाळा असल्याचा त्रिकोणी फलक, गेटसमोर रेलिंग, शाळेच्या वेळेला वाहतूक पोलीस. नुसत्या रंगाच्या पट्ट्यांनी गाडी थांबत नाही हा सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून शक्य तिथे पट्टे फूटपाथच्या उंचीपर्यंत उचलून घेतलेलं क्रॉसिंग मागा, तेच गतिरोधकाचंही काम करतं. मोहल्ल्यातल्या पोरांनी रातोरात सिमेंटचा उंच गतिरोधक मात्र घालू नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असतो. अरुंद आणि उंच उंचवट्यावर दुचाकीवाले पडतात.

अर्जाची एक प्रत वाहतूक शाखेला आणि एक जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवा. आवक क्रमांक आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. दोन गोष्टींचा उल्लेख जरूर करा. रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला कलम 198अ खाली एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की अडथळा नसलेले फूटपाथ मिळणं हा पायी चालणाऱ्यांचा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क आहे.

अपघात झालाच तर

108 ला फोन करा, पोलिसांसाठी 112. मान किंवा पाठ दुखावल्यासारखी वाटली तर मुलाला उचलून रिक्षात कोंबू नका. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती अजून आहे, पण कलम 134अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मे 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत, फक्त रुग्णालय योजनेतलं असलं पाहिजे. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही तरी भरपाई मिळते, मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास 50,000 रुपये. त्यासाठीचा अर्ज अपघात जिथे झाला त्या भागातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा असतो. पोलिसांतली फिर्याद आणि दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा.