युद्धावरून परतलेला धर्मगुरू

युद्ध संपले म्हणजे शिपाई घरी जातो. घरची शेती व बायकामुले त्याची वाट पाहत असतात. पलटणीबरोबर गेलेला धर्मगुरू परत येतो तेव्हा मात्र त्याची जागा बहुधा दुसऱ्यास दिलेली असते, आणि त्यास आता कोणत्या कामी योजावे हा प्रश्न बिशपांपुढे उभा राहतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या विचिटा धर्मप्रांतात या प्रश्नाचा जो उलगडा झाला, तो ऐकण्याजोगा आहे.

रेव्हरंड फादर एमिल कपॉन यांचा जन्म २० एप्रिल १९१६ रोजी पिल्सेन गावानजीक, बोहेमियाहून आलेल्या लोकांच्या वस्तीत, एका शेतकरी कुटुंबात झाला. १९४० साली गुरुदीक्षा होताच त्यांस त्याच पॅरिशमध्ये नेमण्यात आले. परंतु डोळ्यांदेखत वाढलेल्या मुलास गुरू मानणे वडीलधाऱ्यांस अवघड जाते, असे त्यांस वाटू लागले. (आपल्या गावांतही हा अनुभव नवा नाही.) १९४४ साली बिशपांच्या अनुमतीने ते सैन्याचे धर्मगुरू झाले, व पुढील वर्षी हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील फौजांत दाखल झाले. तेथे विखुरलेल्या सैनिकांस मिस्सा व संस्कार देण्याकरिता त्यांस कधी जीपगाडीने, तर कधी विमानाने, महिन्याकाठी सुमारे २००० मैल हिंडावे लागे.

१९४६ साली त्यांस सैन्यातून मोकळे करण्यात आले. त्यांस लागलीच पॅरिशचा भार न देता वॉशिंग्टनच्या कॅथोलिक विद्यापीठात धाडण्यात आले. परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा असा कायदा तेथे १९४४ साली झाला होता, त्याचा लाभ त्यांस मिळाला. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. दोन वर्षे जीपगाडीत व छावणीत काढलेल्या मनुष्यास एकदम जमाखर्चाच्या वह्यांपुढे बसविणे बरे नव्हे. १९४८ च्या फेब्रुवारीत शिक्षणशास्त्राची एम. ए. पदवी घेऊन ते परतले, आणि टिमकेन येथील पॅरिश त्यांच्या हाती आली. तीही बोहेमियन लोकांचीच होती. मात्र येथे त्यांस लहानपणी पाहिलेले कोणी नव्हते.

जागा चांगली मिळाली, तरी मन सैनिकांतच राहिले. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा सैन्यात जाण्याची परवानगी मागितली, आणि बिशप मार्क कॅरोल यांनी ती दिली. शिकवून तयार केलेला तरुण गुरू असा हातचा सोडणे कोणत्याही बिशपास सोपे नसते. नेमणूक फसली असे यावरून कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. धर्मगुरूस काम शोधून देणे म्हणजे रिकामी खुर्ची भरणे नव्हे, एवढे कॅरोल यांस उमगले होते.

पुढे कोरियात २ नोव्हेंबर १९५० रोजी उन्सान येथे जखमी सैनिकांस टाकून न जाता फादर कपॉन शत्रूच्या हाती सापडले. बंदिवासात ते उपाशी सोबत्यांकरिता अन्न चोरून आणीत व त्यांच्यासह प्रार्थना करीत. २३ मे १९५१ रोजी प्योक्तोंगच्या छावणीत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अस्थींची ओळख २०२१ साली पटली, व त्याच वर्षी त्या विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी त्यांस ‘वंदनीय’ ही पदवी देण्यास संमती दिली.