कन्सोलवरील ताब्याचे हस्तांतरण : सॅन फ्रान्सिस्को, २००८

यंत्रणेची मालकी आणि तिच्यावरील ताबा या भिन्न गोष्टी आहेत, याचा प्रत्यय सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरप्रशासनास जुलै २००८ मध्ये आला. शहरातील विविध खात्यांना जोडणाऱ्या ‘फायबरवॅन’ या जाळ्याचे व्यवस्थापकीय पासवर्ड टेरी चाइल्ड्स या एकाच अभियंत्याजवळ होते. ९ जुलै रोजी वरिष्ठांनी मागणी केली असता त्याने चुकीचे पासवर्ड सांगितले. पुढे त्यास अटक झाली.

येथे तांत्रिक बाजू ध्यानात घेणे अगत्याचे आहे. राउटरचा पासवर्ड हरवल्यास कन्सोलला तार जोडून व यंत्र पुन्हा सुरू करून सामान्यतः ताबा परत मिळतो. चाइल्ड्सने ही सोयच बंद केली होती. शिवाय काही यंत्रांची मांडणी केवळ तात्पुरत्या स्मृतीत ठेवली होती. वीज तोडली की ती पुसली जाणार! यंत्रे स्वतःच्या इमारतीत असूनही प्रशासन हतबल झाले. जाळे मात्र या काळात सुरळीत चालू होते, हे विशेष.

अखेर २१ जुलैला तुरुंगात त्याने महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्याकडे पासवर्ड सुपूर्द केले. अधिकार नसलेल्यांना ते देणे अयोग्य ठरले असते, हा त्याचा बचाव ज्युरीने एप्रिल २०१० मध्ये अमान्य केला. त्यास चार वर्षांची शिक्षा झाली. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. तथापि ज्युरीतील एका सदस्याने, जो स्वतः याच क्षेत्रातील अभियंता होता, निकालानंतर प्रशासनाच्या ढिसाळ व्यवस्थापनावरही बोट ठेवले. प्रस्तुत लेखकास ही साक्ष निकालाइतकीच मोलाची वाटते.