हळदीचे पेटंट आणि छापील कागद

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एखाद्या रसायन कारखान्याने नवी प्रक्रिया शोधली, तर तिचे पेटंट मिळू शकते. पण जखमेवर हळद लावण्याचे? मार्च १९९५मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला तेही मिळाले! डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६मध्ये त्याला आव्हान दिले. ‘आमच्याकडे घरोघरी हळद लावतात’ एवढे सांगून भागणार नव्हते. परदेशातले पूर्वज्ञान तेव्हाचा अमेरिकी कायदा छापील असेल तरच मानी. परिषदेने ३२ संदर्भ पुढे केले. त्यांत भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला १९५३चा एक लेखही होता. १९९७मध्ये पेटंट रद्द झाले. आजीचे ज्ञान खरेच होते. वाचवले ते मात्र कोणीतरी लिहून, छापून ठेवल्यामुळे.