दळी : सरकारचे कूळ

कुलाबा जिल्ह्यातील जमिनीचा इतिहास सांगताना आपण बहुधा चरीच्या संपापासून सुरुवात करतो. पेणशेजारच्या अलिबाग तालुक्यात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेती कसायचे नाकारले. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १९४९ साली खोती कायद्याने गेली आणि १ एप्रिल १९५७ रोजी कूळ मालक ठरले. खोतांमध्ये हिंदू होते, तसे आपले कोकणी मुसलमानही होते. हा इतिहास आपल्या घराघरांतला आहे.

पेण-रोह्याच्या डोंगरउतारावरचा कातकरी आणि ठाकूर मात्र या इतिहासाबाहेर राहिला, कारण त्याचा मालक खोत नव्हता, सरकार होते. १८७८ च्या वन कायद्याने डोंगर राखीव होऊ लागले. इंग्रज अमदानीत जंगलातले काही तुकडे आदिवासींना नाचणी-वरी पिकवायला दिले गेले. त्यांना दळी म्हणतात. कागदावर नाव एका नाईकाचे, कसणारी घरे अनेक, मालकी सरकारची. १९४८ च्या कूळकायद्याने कलम ८८ नुसार सरकारी जमीन वगळली. खोताला लावलेला न्याय सरकारने स्वतःला लावला नाही! पुढे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने अशा जमिनी कसणाऱ्यांच्या नावे करणे आणखी अवघड झाले.

संसदेने २००६ साली वनहक्क कायदा केला तेव्हा प्रस्तावनेतच ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, कमाल चार हेक्टर जमीन आदिवासी कुटुंबाच्या हक्काची ठरली. सरकारने पूर्वी दिलेल्या पट्ट्यांचे हक्कात रूपांतर करण्याची तरतूदही त्यात आली. हक्कपत्रावर नवराबायको दोघांची नावे लागतात. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते आणि पुराव्यात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुना बांध, विहीरही चालते. नाव नाईकाचे आणि घाम दहा घरांचा, अशा दळीसाठी ही तरतूद मोलाची आहे.

ही जमीन वारसाने जाते, विकता येत नाही. ज्या पेण तालुक्यात २००८ साली सेझला जमीन द्यावी की नाही यावर २२ गावांनी मतदान केले, तिथे या अटीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

ही सरकारची खैरात आहे, असे कुणी म्हटले तर आपण ते मान्य करू नये. जमीन कसणारा तोच होता. कायद्याने उशिरा त्याचे नाव लिहिले, इतकेच.