पलुसकरांचे गाणे : लाहोर ते पंचवटी

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी गाण्यात नवे काय आणले, असे विचारले तर उत्तर रागदारीत सापडत नाही. ख्याल ग्वाल्हेरचाच, गुरू मिरजेचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. त्यांनी बदलली ती गाण्याची बैठक. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. ते एखाद्या दरबाराच्या मर्जीवर चालणार नव्हते. वर्गणी आणि जलशांची तिकिटे हाच त्याचा आधार. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबून जे कानावर पडायचे, त्याचे आता वर्ग, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा झाल्या. चिजा कागदावर उतरवायला बुवांनी स्वतःची स्वरलिपी रचली. भातखंड्यांच्या लिपीपेक्षा ती किचकट. मागे पडली यात नवल नाही.

१९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली, पुढे इमारत उभी राहिली. तिचे कर्ज मात्र फिटले नाही आणि वास्तू लिलावात गेली. आश्रयदात्याची लहर टाळली तरी सावकाराची मुदत टळत नाही!

याच उत्तरायुष्यात, १९२२ च्या सुमारास, नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रम सुरू झाला. बुवा भक्तीकडे वळले, म्हणजे आधुनिकतेतून माघारी फिरले, असे चरित्रात वाचायची आपल्याला सवय आहे. मला ते पटत नाही. शिष्य जवळ ठेवून तालीम देणे हे लाहोरच्या शाळेलाही सुटलेले नव्हते. तासाच्या घंटेत राग ओळखता येतो. गळा तयार व्हायला सहवास लागतो. बुवांना दोन्ही हवे होते.

या प्रयोगाची खरी कसोटी त्यांच्या घरातच लागली. मुलगा दत्तात्रेय १९२१ मध्ये नाशिकला जन्मला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी बुवा मिरजेला वारले, तेव्हा तो अवघा दहा वर्षांचा होता. घराण्याच्या जुन्या रीतीत एवढ्यावर धागा तुटायचा.

पश्चिम आफ्रिकेत कोरा नावाचे एकवीस तारांचे वाद्य आहे (आपल्या ‘कोऱ्या’शी नाते नाही). तेथील वंशपरंपरागत गायक-वादकांत ते बापाकडून मुलाकडे जाते. मालीच्या तुमानी जाबाते यांनी १९८८ च्या ‘कैरा’ या ध्वनिमुद्रिकेत खर्ज, साथ आणि सुरावट एकाच कोऱ्यावर वाजवून त्याला जगाच्या मंचावर एकट्याने बसवले. वाद्याचा आवाका वाढला; पण ते ज्या घरातून आले, ते वादकाचेच घर होते.

दत्तात्रेयाची वाट निराळी. त्याला घडवले ते वडिलांच्या शिष्यांनी, विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी. १९५२ च्या ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेबांसमोर जो आवाज ऐकू येतो, तो याच द. वि. पलुसकरांचा. तीनच वर्षांनी, ऐन चौतिशीत, तेही गेले.