लॅपटॉपवरील नेटवर्क ड्राइव्हचे व्यवस्थापन

नेटवर्क ड्राइव्ह म्हणजे प्रत्यक्षात एका संगणकावर किंवा साठवण उपकरणावर असलेला, पण त्याच जाळ्यातील दुसऱ्या संगणकावर स्वतःच्या डिस्कप्रमाणे दिसणारा फाइलींचा सामायिक साठा होय. एकाच जागी असलेल्या संगणकावर असा ड्राइव्ह एकदा जोडला की त्याकडे सहसा पुन्हा लक्ष द्यावे लागत नाही. लॅपटॉप मात्र घर, कार्यालय आणि प्रवास अशा निरनिराळ्या जाळ्यांत वापरला जातो आणि सामायिक साठा आपल्या जागीच राहतो. त्यामुळे ड्राइव्ह केव्हा जोडायचा, तो उपलब्ध नसताना काम कोणत्या प्रतीवर करायचे आणि परतल्यावर बदल कसे एकत्र आणायचे, हे आधी ठरवावे लागते. या सर्व बाबींना मिळून लॅपटॉपवरील नेटवर्क ड्राइव्हचे व्यवस्थापन म्हणतात.

स्वरूप

नेटवर्क ड्राइव्हचा पत्ता दोन प्रकारे दिला जातो. पहिल्या प्रकारात सर्व्हरचे नाव आणि सामायिक फोल्डरचे नाव असलेला पूर्ण मार्ग लिहितात, उदाहरणार्थ ‘\\सर्व्हर\हिशेब’. दुसऱ्या प्रकारात त्या मार्गाला ‘झेड:’ सारखे एखादे अक्षर दिले जाते. अक्षर सोयीचे असले तरी ते केवळ त्या लॅपटॉपवरील नोंद असते. तेच अक्षर दुसऱ्या लॅपटॉपवर, किंवा त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या सर्व्हरकडे नेऊ शकते.

उदाहरणादाखल छत्रपती संभाजीनगर शहरातील गारखेडा भागात राहणारा एक लेखापाल कल्पिता येईल. त्याचे कार्यालय चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत आहे आणि आठवड्यातून दोन दिवस तो वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात बसतो. त्याच्या लॅपटॉपला तीन जाळी मिळतात: घरचे वायफाय, कार्यालयाचे जाळे आणि कारखान्याचे जाळे. कार्यालयात हिशेबाचा सर्व्हर आहे, तर घरी कौटुंबिक कागदपत्रे ठेवलेले एक छोटे साठवण उपकरण (नास) आहे. पुढील विवेचनात हेच उदाहरण घेतले आहे.

इतिहास

जाळ्यातील साठ्याला ड्राइव्हचे अक्षर देण्याची पद्धत १९८० च्या दशकात वैयक्तिक संगणकांबरोबर रुजली. नॉव्हेल कंपनीची नेटवेअर ही प्रणाली १९८३ मध्ये आली. डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘ए’ ते ‘ई’ ही अक्षरे स्थानिक डिस्कसाठी राखलेली असत, म्हणून नेटवेअरच्या जाळ्यात पहिला नेटवर्क ड्राइव्ह बहुधा ‘एफ:’ असे. त्याच सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी हा प्रोटोकॉल विकसित केला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने तो विंडोजमध्ये स्वीकारला. युनिक्स संगणकांसाठी सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस आणला. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअरमुळे युनिक्स व लिनक्स सर्व्हरही विंडोज संगणकांना साठा पुरवू लागले. आजच्या बहुतेक नास उपकरणांत लिनक्स आणि सांबा यांचाच वापर होतो.

हे सर्व प्रोटोकॉल संगणक जाळ्याला सतत जोडलेला आहे असे गृहीत धरत होते. जोडणी तुटल्यावरही काम चालू राहावे या प्रश्नावर अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून कोडा या फाइल प्रणालीद्वारे संशोधन झाले. त्याचे नेतृत्व आयआयटी मद्रासचे पदवीधर महादेव सत्यनारायणन यांनी केले. लागणाऱ्या फाइली आधीच लॅपटॉपवर साठवणे, जोडणी नसताना त्यांवर काम करणे आणि जोडणी परत आल्यावर बदल सर्व्हरवर चढवणे, असे तीन टप्पे कोडात होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ मध्ये ‘ब्रीफकेस’ आणि विंडोज २००० मध्ये ‘ऑफलाइन फाइल्स’ ही सुविधा दिली. या सुविधांमागेही अशीच कल्पना आहे.

भारतात मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर घरून काम करण्याचे प्रमाण एकाएकी वाढले. मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागांपुरता मर्यादित असलेला हा प्रश्न तेव्हापासून लहान कार्यालये, शाळा आणि घरांतही उद्भवू लागला.

स्थानबदलामुळे येणाऱ्या अडचणी

विलंब: कायम जोडणीची नोंद असल्यास विंडोज प्रत्येक वेळी सुरू होताना त्या सर्व्हरचा शोध घेते. लेखापाल घरी असताना कार्यालयाचा सर्व्हर सापडत नाही, ड्राइव्हवर लाल फुली दिसते आणि फाइलींची खिडकी उघडताना किंवा फाइल जतन करताना लॅपटॉप काही काळ अडखळतो.

अक्षरांची सरमिसळ: घरचे नास आणि कार्यालयाचा सर्व्हर या दोन्हींना ‘झेड:’ हेच अक्षर दिले असेल, तर ‘झेड:\हिशेब’ या मार्गाचा अर्थ ठिकाणानुसार बदलतो. ठरावीक वेळी आपोआप प्रती काढणारी आज्ञा अशा वेळी चुकीच्या जागी लिहू शकते आणि तेथील त्याच नावाची फाइल पुसली जाऊ शकते.

पत्त्यांची टक्कर: खासगी जाळ्यांसाठी राखीव असलेले पत्ते १९९६ च्या एका इंटरनेट मानकाने ठरवले आहेत. बाजारातील अनेक राउटर त्यांपैकी १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होणारेच पत्ते वापरतात. घर आणि कार्यालय दोन्हीकडे एकच मालिका असेल, तर व्हीपीएनद्वारे कार्यालयातील १९२.१६८.१.१० हा सर्व्हर शोधताना लॅपटॉप घरातील त्याच पत्त्याच्या उपकरणाकडे जाऊ शकतो. कार्यालयाच्या जाळ्याला कमी वापरातील मालिका देणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

दोन प्रतींतील विसंगती: लेखापालाने रविवारी घरी लॅपटॉपवरील प्रतीत बदल केला आणि त्याच दिवशी सहकाऱ्याने सर्व्हरवरील प्रत बदलली, तर सोमवारी एकाच नावाच्या दोन भिन्न फाइली समोर येतात. ड्राइव्ह न उघडणे लगेच लक्षात येते, परंतु जुन्या प्रतीने नवीन प्रत झाकली गेल्यास ते अनेक दिवस लक्षात येत नाही. म्हणून वर दिलेल्या अडचणींपैकी ही सर्वांत गंभीर मानली जाते.

व्यवस्थापनाच्या पद्धती

कोणतीही पद्धत निवडण्यापूर्वी प्रत्येक सामायिक फोल्डरविषयी तीन गोष्टी ठरवणे आवश्यक असते: मूळ प्रत कोठे राहील, लॅपटॉपवर तिची प्रत ठेवायची की नाही, आणि बदल करण्याचा अधिकार कोणाला असेल. हे ठरले की तंत्राची निवड सोपी होते.

गरजेपुरती जोडणी: ड्राइव्ह कायम न जोडता काम असेल तेव्हाच जोडला जातो. विंडोजमध्ये ‘नेट यूज’ या आज्ञेने जोडणी करताना ती पुढच्या वेळी आपोआप होऊ नये असे सांगता येते. दोन ठिकाणच्या साठ्यांना वेगवेगळी अक्षरे देणे, किंवा अक्षर टाळून पूर्ण मार्गाचाच शॉर्टकट ठेवणे हितावह असते.

ठिकाणानुसार जोडणी: लॅपटॉप कोणत्या जाळ्यात आहे हे ओळखून योग्य तोच ड्राइव्ह जोडण्याची व्यवस्था करता येते. विंडोज सर्व्हर २००८ पासून कंपनीचा प्रशासक धोरणांद्वारे असे नियम लॅपटॉपवर लागू करू शकतो. लहान कार्यालयात सर्व्हर प्रतिसाद देतो का ते तपासून मगच ड्राइव्ह जोडणारी छोटी आज्ञावली पुरेशी ठरते.

व्हीपीएन: यात इंटरनेटवरून कार्यालयाच्या जाळ्यापर्यंत कूटबद्ध मार्ग तयार होतो आणि ड्राइव्ह कार्यालयात असल्याप्रमाणेच वापरता येतो. मात्र एसएमबीमध्ये एका कामासाठी सर्व्हरशी अनेक वेळा निरोपांची देवाणघेवाण होते. अशा ५०० फेऱ्या लागत असतील आणि प्रत्येक फेरीला कार्यालयात १ मिलिसेकंद लागत असेल, तर काम अर्ध्या सेकंदात होते. घरून प्रत्येक फेरीला ४० मिलिसेकंद लागल्यास त्याच कामाला २० सेकंद लागतात. त्यामुळे इंटरनेटचा वेग भरपूर असूनही दूरचा ड्राइव्ह मंद वाटतो.

ऑफलाइन प्रती: निवडक फोल्डरांची प्रत लॅपटॉपवर ठेवली जाते आणि जोडणी मिळताच दोन्ही बाजूंचे बदल जुळवले जातात. विंडोजच्या होम आवृत्तीत ‘ऑफलाइन फाइल्स’ ही सुविधा नसते. विसंगती आढळल्यास दोन्ही प्रती ठेवून नंतर माणसाने तुलना करणे हा सर्वांत सुरक्षित पर्याय होय.

मेघसाठा: वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांसारख्या सेवांत मूळ प्रत इंटरनेटवरील सर्व्हरवर असते, त्यामुळे ठिकाणाचा प्रश्न बराचसा उरत नाही. जोडणी नसताना काम करायचे असल्यास फाइल आधी उतरवून ठेवावी लागते. यादीत नाव दिसते म्हणून फाइल लॅपटॉपवर असतेच असे नाही.

दूरस्थ पटल: अनेक जण एकाच वेळी वापरतात अशा हिशेबाच्या किंवा डेटाबेसच्या फाइलींना वरीलपैकी कोणतीही पद्धत फारशी योग्य नाही. मध्येच जोडणी तुटल्यास अशी फाइल बिघडू शकते, आणि दोन प्रतींतील नोंदी नंतर एकत्र करता येत नाहीत. अशा वेळी कार्यालयातील संगणकावरच काम करून लॅपटॉपवर केवळ त्याचे पटल पाहणे, म्हणजे रिमोट डेस्कटॉप वापरणे, श्रेयस्कर असते.

ऑपरेटिंग सिस्टिमनुसार फरक

विंडोज एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या वापरकर्त्यांच्या नावाने जोडणी करू देत नाही. जुने नाव क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेले राहिल्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जाण्याचे प्रसंग यामुळे येतात. मॅकओएसमध्ये ‘लोकेशन’ बदलल्याने केवळ जाळ्याची मांडणी बदलते. ड्राइव्हची जोडणी फाइंडरमधून स्वतंत्रपणे करावी लागते. लिनक्समध्ये ऑटोएफएस किंवा सिस्टिमडीच्या साहाय्याने फोल्डर उघडताच जोडणी आणि काही काळ वापर नसल्यास ती सोडणे, अशी व्यवस्था करता येते. फिरत्या लॅपटॉपसाठी ही व्यवस्था विशेष उपयोगी आहे. एनएफएसमध्ये ‘हार्ड’ जोडणी सर्व्हर परत येईपर्यंत थांबून राहते, तर ‘सॉफ्ट’ जोडणी ठरावीक वेळेनंतर त्रुटी कळवते. दुसऱ्या प्रकारात लॅपटॉप अडकून पडत नाही, पण अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहण्याचा धोका असतो.

देवनागरी फाइलनामे

मराठी नावांच्या फाइलींबाबत दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात. लिनक्समधील प्रचलित फाइल प्रणालींत फाइलनामाची मर्यादा २५५ बाइट असते आणि युटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात, त्यामुळे नाव ८५ चिन्हांपर्यंतच जाऊ शकते. विंडोजवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने लॅपटॉपवर चालणारे लांब नाव नासवर नाकारले जाऊ शकते.

दुसरी बाब ‘ऱ’ या अक्षराची आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली दुसरे रूप साठवत असे. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसतात, पण नावांची बाइटनुसार तुलना करणारा सर्व्हर त्यांना दोन स्वतंत्र फाइली मानतो. एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी दिसू लागल्यास हे कारण तपासून पाहता येते.

सुरक्षा

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा वापर करून जगभरातील संगणक बाधित केले. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच प्रसिद्ध केली होती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोज १० च्या नव्या मांडणीत ही आवृत्ती सहसा बसवली जात नाही. कूटबद्धीकरणाची सोय एसएमबी ३.० पासून, म्हणजे २०१२ पासून उपलब्ध आहे. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीने काही प्रकारांत स्वाक्षरी सक्तीची केली आणि पासवर्डविना प्रवेश बंद केला. त्यामुळे अद्ययावत केलेला लॅपटॉप जुन्या नासशी एकाएकी जोडला जात नाही, असा अनुभव येऊ शकतो. अशा वेळी लॅपटॉपची सुरक्षा सैल करण्याऐवजी नास अद्ययावत करणे योग्य ठरते.

एसएमबी ज्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालते ते थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. उपाहारगृह, रेल्वे स्थानक अशा ठिकाणच्या वायफायला ‘सार्वजनिक’ प्रकारात ठेवल्यास विंडोज लॅपटॉपवरील फाइलींची वाटणी बंद ठेवते. लॅपटॉपवर ऑफलाइन प्रती असल्यास संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणे आवश्यक असते, कारण लॅपटॉप हरवल्यास कार्यालयाची कागदपत्रेही त्यासोबत जातात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या संस्थेवर तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय योजण्याचे बंधन आहे.

बॅकअपशी संबंध

नेटवर्क ड्राइव्ह किंवा समक्रमित फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. समक्रमणात चुकून पुसलेली फाइल सर्व ठिकाणांहून पुसली जाते. खंडणीखोर प्रणाली लॅपटॉपला जोडलेल्या ड्राइव्हवरील फाइलीही कूटबद्ध करते. म्हणून मूळ प्रत जेथे आहे तेथेच, लॅपटॉपवरून पोहोचता येणार नाही असा स्वतंत्र बॅकअप ठेवला जातो. वरील उदाहरणात चिकलठाण्याच्या सर्व्हरचा बॅकअप लेखापालाच्या लॅपटॉपवर अवलंबून नसावा, तसेच गारखेड्यातील नासचाही नसावा.

हे सुद्धा पहा

संगणक जाळे
सर्व्हर
व्हीपीएन
युनिकोड
मेघ संगणन